खापेकरांच्या घरची लाईन

गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत फोन एकच होता, आणि तो ताराचंद आडत्याकडे. इतवारीत धान्याची आडत म्हटल्यावर रोजच्या भावासाठी फोन लागायचाच. बैठकीत उंच तिपाईवर, क्रोशाच्या रुमालाखाली ते काळं यंत्र बसलेलं असे, आणि गल्लीतल्या बारशापासून तेराव्यापर्यंतच्या सगळ्या बातम्या आधी त्या रुमालाखालून निघत.

मनोहरराव खापेकरांनी मुलीच्या लग्नपत्रिकेवर हाच नंबर छापला होता. पुढे बारीक टायपात 'पी.पी.'. म्हणजे यंत्र दुसऱ्याचं, बोलणारा आपला. ती दोन बारीक अक्षरं मनोहररावांना पत्रिकेवरच्या गणपतीपेक्षा मोठी दिसत. मुलगी भंडाऱ्याला दिली होती. तिचा फोन आला की ताराचंदची बायको गच्चीवरून हाक मारी, "ओ खापेकरजी! बेटी का फोन!" ती सगळ्या गल्लीला ऐकू जाई. मग मनोहरराव बनियनवर सदरा चढवत धावत. चपला दाराशी काढून परक्या बैठकीत उभ्याने बोलत. ताराचंदच्या घरची सगळी माणसं त्या वेळी सभ्यपणे गप्प बसत, त्यामुळे एकही शब्द वाया जात नसे. मनोहररावही काही कमी नव्हते. ते नुसतं "हो... बरं... पाहू" एवढंच बोलत. ताराचंदला काही कळू नये हा हेतू. फोन ठेवला की ताराचंद आपुलकीने विचारी, "काय म्हणते जावईबापू? स्कूटर मांगून राहिले काय?"

आणि जावईबापू स्कूटरच मागत असत.

सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर सालची ही गोष्ट. मनोहरराव एका सरकारी कचेरीत बडेबाबू होते. आलेल्या माणसाला 'उद्या या', 'साहेब दौऱ्यावर आहेत', 'तुमचं प्रकरण वर गेलंय' असं सांगून परत धाडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यामुळे टेलिफोनच्या कचेरीत एका मिसरूड फुटलेल्या कारकुनाने त्यांना हीच वाक्यं त्यांच्याच चालीत म्हणून दाखवली, तेव्हा त्यांना आपला अपमान जास्त झाला की आपली चोरी जास्त झाली, हे ठरवता येईना.

"अर्ज आहे तुमचा," कारकून म्हणाला. "पण तुमच्या गल्लीच्या खांबावर जागा नाही."

"मग दुसरा खांब रोवा."

"खांबाचा अर्ज वेगळा."

"तो कोणत्या खिडकीवर मिळतो?"

"तो मिळत नसतो. तो वरून येतो."

मनोहरराव बाहेर आले आणि नकळत त्यांनी वर पाहिलं. वर नागपूरचं एप्रिलचं आभाळ होतं. त्यातून काही येण्यासारखं दिसत नव्हतं.

शेजारच्या जागेश्वर निमज्याला ही हकीकत कळली. जागेश्वर कामठीच्या छावणीतल्या कॅन्टीनमध्ये नोकरीला होता. तिथे तो साखर आणि साबण मोजून देई. पण गल्लीत आला की सगळ्या फौजेच्या वतीने बोले.

"फोन काहून मांगून राहिले भाऊ तुम्ही?" तो म्हणाला. "बाहेरच्याशी काय बोलाचं हाये? घरातलंच पाहा ना. बापूजी वरतं, वहिनी मांगं सैपाकात, तुम्ही समोर. तीन चौक्या झाल्या. मिलिटरीत तीन चौक्या असल्या का लाईन टाकतेच."

खापेकरांचं घर कोष्ट्यांच्या घरासारखं अरुंद आणि लांबलचक होतं. समोर, जिथे एके काळी मागाचा खड्डा होता, तिथे आता सोफा. मधे बोळ, मागे स्वयंपाकघर. वर एकच खोली, तिच्यात मनोहररावांचे वडील, बापूजी. बापूजींनी जन्मभर लुगडी विणली आणि बाजारोबाजार विकली. आता कान जरा जड झाले होते आणि हाताला काम नव्हतं, म्हणून ते दिवसभर रेडिओ कानाशी धरून बसत. त्यांना चहाला बोलवायचं म्हणजे पंचफुलाबाईंना जिन्याच्या तळाशी उभं राहून एवढ्या जोराने ओरडावं लागे की चहाची वेळ शेजाऱ्यांनाही कळे आणि त्यांतला एखादा येऊनही बसे.

"बापूजींची सोय होईल," असं मनोहरराव पंचफुलाबाईंना म्हणाले. मनातून त्यांना एवढंच हवं होतं की आलेल्या माणसाला आपल्या बैठकीत एक यंत्र दिसावं आणि त्यावर रुमाल असावा.

जागेश्वरने कामठीच्या भंगारबाजारातून फौजेने टाकून दिलेले तीन फोन आणले. हिरवे, लोखंडी, एकेक पाच पायलीच्या डब्याएवढा. बाजूला दांडा. तो गरगर फिरवला की दुसरीकडची घंटी वाजे. बोलताना मुठीतलं बटन दाबून धरायचं, सोडलं की आवाज बंद. मनोहररावांनी बैठकीतल्या फोनवर लगेच क्रोशाचा रुमाल घातला. रुमाल चहाच्या कपाचा होता, त्यामुळे फोन टोपी घातलेल्या हवालदारासारखा दिसू लागला.

वायर टाकायला गल्लीतली झाडून सगळी माणसं आली; हात कोणी लावला नाही, पण मत प्रत्येकाने दिलं. समोरच्या यमुताई शाळेतून निवृत्त झालेल्या बाई होत्या. त्यांनी वायर सरळ रेषेत का नाही म्हणून मनोहररावांना चौथीतल्या मुलासारखं विचारलं. ताराचंदने वायर आतून नको, बाहेरून न्या, म्हणजे भिंत खराब होत नाही, असं सांगितलं. जागेश्वर म्हणाला, मिलिटरीत वायर उघडी असते, दुश्मनाने कापली तर लगेच दिसते. शेवटी वायर आतून निघाली, बाहेर गेली, आंगणातून आडवी होऊन पुन्हा आत आली.

आंगणातली आडवी वायर पाहून पंचफुलाबाईंना आनंद झाला. नवऱ्याने एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या सोयीची गोष्ट केली होती. त्यांनी लगेच ओलं लुगडं तिच्यावर वाळत टाकलं. नेमक्या त्याच घटकेला मनोहररावांनी यंत्राची चाचणी घ्यायला दांडा फिरवला. वायरचा एक सांधा उघडा होता. लुगडं ओलं होतं.

"माय वं!" ही किंकाळी मनोहररावांना फोनमधून आणि फोनशिवाय, अशी दोन्हींकडून ऐकू आली.

"आवाज साफ येऊन राह्यला," जागेश्वर म्हणाला.

त्या दिवशी खापेकरांकडे चूल पेटली नाही. मनोहरराव दांडा फिरवत राहिले, पण स्वयंपाकघराच्या चौकीवरून उत्तर आलं नाही.

खरी अडचण वरच्या चौकीची निघाली. बापूजी फोनला हातच लावेनात. "मले त्या डब्याचं तोंड कोठं अन् कान कोठं, समजतच नाही," ते म्हणाले. "एकदा उचलला तं तुह्या बायकोनं भाजी काय करू विचारलं. मी सांगितलं, तं म्हणे बटन दाबा. बटन दाबलं तं तिची भाजी होऊन गेली होती."

इथे श्रीधर आला. श्रीधर पंचफुलाबाईंचा धाकटा भाऊ. त्याने टपालाने रेडिओचा कोर्स केला होता आणि तेव्हापासून पंचफुलाबाईंच्या माहेरी एकही वस्तू धड वाजत नव्हती.

"भाऊजी, बापूजी फोन ऐकत नाहीत. पण रेडिओ ऐकतात ना?" तो म्हणाला. "मग तुमचा फोनच त्यांच्या रेडिओत घालून देतो. बिनतारी."

बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात त्याने काही तरी जुळवलं आणि तो डबा लाईनला जोडला. आता खालच्या फोनवर बोललेलं बापूजींच्या रेडिओवर, नागपूर केंद्राच्या जरासं डावीकडे काटा फिरवला की ऐकू येणार होतं.

"किती लांब जाईल हे?" मनोहररावांनी विचारलं.

"वरच्या खोलीपर्यंत. पुढं जायची ताकदच नाही त्यात."

श्रीधर गेल्यावर जागेश्वर आला. डब्यातून निघालेली तार त्याने पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "एरियल एवढुसं? मिलिटरीत उंच असते." दोघांनी मिळून तार लांबवली आणि बांबू बांधून गच्चीवर ताराचंदच्या गच्चीपेक्षाही उंच नेली. मनोहररावांना त्यात वेगळंच समाधान मिळालं.

मात्र बडेबाबू कायद्याने चालणारे. रेडिओचं लायसन्स पोस्टात मिळे, म्हणून ते पोस्टात गेले.

"रेडिओ ऐकायचं लायसन्स आहे माझ्याकडे," ते म्हणाले. "रेडिओत बोलायचं हवंय."

पोस्टातल्या बाबूने चष्म्यावरून पाहिलं. "ऐकायचं इथं मिळतं. बोलायचं दिल्लीला."

"दिल्लीला कोणाकडे?"

"जे बोलतात त्यांना विचारा."

पोस्टाच्या पायऱ्या उतरता उतरता मनोहररावांनी निर्णय घेतला की मुलाला आपल्या सख्ख्या बापाशी बोलायला सरकारची परवानगी लागत नाही. बडेबाबूंनी आयुष्यात परवानगीवाचून केलेलं हे पहिलं काम. ते त्यांना पुढे फार जड गेलं.

पहिल्या दिवशी त्यांनी घसा साफ करून फोनमध्ये सांगितलं, "बापूजी, चहा झाला. खाली या."

बापूजी जिना उतरून आले ते घाबरेघुबरे. "मनोहर, आपला चहा झाला हे त्या रेडिओवाल्यायले कसं समजलं गा?"

समजावून सांगितल्यावर त्यांना ते इतकं आवडलं की कास्तकारांचा, म्हणजे शेतीचा, कार्यक्रम सोडून ते काटा डावीकडेच ठेवू लागले.

एक लहानशी दुरुस्ती मनोहररावांनी स्वतः केली. पंचफुलाबाईंचे हात कणकेत असत. बटन दाबून धरायचं कोणी? त्यांनी सुतळीने बटन करकचून बांधून टाकलं आणि बोलायचा भाग चुलीजवळच्या खिळ्याला टांगून दिला. आता नुसतं तोंड तिकडे करून बोललं की झालं. म्हणजे बटन दिवसभर दाबलेलं राही आणि त्या स्वयंपाकघरात बोललेला प्रत्येक शब्द बिस्किटाच्या डब्यातून बांबूवर चढून बाहेर पडे. खापेकर नवराबायकोंना याची गंधवार्ता नव्हती.

यमुताईंना सगळ्यात आधी कळलं. सकाळचं भजन शोधताना त्यांच्या रेडिओत मनोहरराव लागले. ते पोटातल्या वायूविषयी बोलत होते. दुपारी यमुताई वाटीभर भाजलेला ओवा घेऊन आल्या.

"कोमट पाण्यासोबत घ्या," त्या म्हणाल्या.

"यमुताईंना कसं कळलं?" मनोहररावांनी रात्री जेवताना पंचफुलाबाईंना विचारलं. "चेहऱ्यावर दिसतं का?" मग यमुताईंचं कौतुक करून ते पुढे म्हणाले, "बाकी बाई चांगली. पण तिची पाटवडी म्हणजे घराच्या पायात घालायला बरी."

त्यानंतर यमुताईंकडून दर गुरुवारी येणारी पाटवडी बंद झाली. मनोहररावांना वाटलं, बेसन महाग झालं असेल.

ताराचंदच्या बैठकीत हिंगाचा वास येतो, असं ते एकदा बोलून गेले. पुढच्या वेळी फोन घ्यायला गेले तर तिथे अगरबत्तीचा अख्खा पुडा पेटवलेला. धुरातून मुलीचा आवाजही नीट येईना. 'पूजा दिसते,' असं म्हणून मनोहररावांनी भिंतीवरच्या तसबिरीला नमस्कार केला. ताराचंदच्या सुनेने तोंडाला पदर लावला आणि आत पळाली. जागेश्वर फक्त मिलिटरीची साखर खातो आणि मिलिटरीच्या गप्पा मारतो, हेही ते कधी तरी बोलले होते. जागेश्वर हल्ली दिसला की कडक सॅल्यूट ठोके. मनोहररावांना त्यात आपल्या यंत्राचा मान दिसला. एकूण गल्ली बदलली होती. माणसं त्यांच्याकडे पाहून थांबत, बोलायचं राहून जात, काही तरी गिळत. 'वजन वाढलं आपलं,' ते पंचफुलाबाईंना म्हणाले. हेही बांबूवरून गेलं.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. पुढचं नव्हतं.

कचेरीतले साहेब रविवारी जेवायला यायचे ठरले. मनोहररावांना बढतीची आशा होती आणि त्याहून मोठी एक धास्ती होती. घरी कोणी आलं की बापूजी हमखास खाली येत. आखूड धोतर, उघडं अंग, दाढेत तंबाखू. पाहुण्याच्या शेजारी सोफ्यावर पाय घेऊन बसत आणि एकच गोष्ट सांगत, खापा गावच्या बाजाराची. मनोहर लहान होता, डोक्यावर लुगड्यांचं गाठोडं घेऊन बाजारात ओरडत फिरे, 'घ्या वं बाई, पक्क्या रंगाचं!' ती आरोळी ते म्हणूनही दाखवत. पाहुणे हसत. मनोहरराव पानाचं तबक शोधायला आत जात आणि पाहुणे उठेपर्यंत त्यांना ते सापडत नसे.

"साहेबांसमोर हे नको," मनोहरराव चुलीपाशी बसून पंचफुलाबाईंना म्हणाले. "बापूजींना वामनकडे उमरेडला पाठवून देऊ."

"भावजींकडे? दोन दिवसांसाठी?"

"जाऊ दे, राहतील. वामनकडे अजून माग आहे. त्यांना तिथं शोभतं. इथं आपण चारचौघांत उठतो-बसतो. एवढं वर चढायला किती वर्षं लागली, पण त्यांना सोबत घेऊन मी आणखी वर चढणारच नाही. लाज वाटते गं मला. बाप आहे म्हणून काय, वाटते तर वाटते."

 पंचफुलाबाईंनी तव्यावरची पोळी उलटली.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीचं बापूजींवरचं प्रेम एकाएकी उफाळून आलं. यमुताई येऊन म्हणाल्या, "बापूजी, माझी मागची खोली रिकामीच असते. मलाही सोबत होईल." जागेश्वर म्हणाला, "बापूजी, आपल्याकडे राहाले या. मिलिटरीत म्हाताऱ्या माणसाची इज्जत असते." ताराचंदने तर घरची मोठी बाज बाहेर काढून झटकून ठेवली. बापूजी प्रत्येकाला हात जोडत आणि वर निघून जात. आपल्या घराण्याला गल्लीत केवढा मान आहे, हे पाहून मनोहररावांचा ऊर भरून आला.

शनिवारी संध्याकाळी गच्चीवरून हाक आली. "खापेकरजी, फोन!" या वेळी ती हाक जरा दबकी होती.

मनोहरराव बैठकीत शिरले आणि त्यांनी फोन कानाला लावला. तिकडून मुलगी बोलत होती. मग त्यांच्या ध्यानात आलं की आज बैठकीत नुसती ताराचंदचीच माणसं नाहीत, यमुताईही आहेत, जागेश्वरही आहे, सगळे गोल बसले आहेत, आणि मधे रेडिओ आहे. ताराचंदच्या बायकोचा हात रेडिओच्या बटनाकडे निघाला होता, तो तिथेच राहिला.

रेडिओतून बांगड्यांचा आवाज आला. फुलका फुगल्यावर निघतो तो वाफेचा आवाज आला. मग पंचफुलाबाई म्हणाल्या, "मामाजी, आणखी एक घ्या. उपाशी काहून राहून राहिले? ते बोलले ते मनावर नका घेऊ."

"मनावर काय घेतो वं पोरी," बापूजींचा आवाज आला. सगळ्या बैठकीत तो भरून राहिला. "मी तं कास्तकाराचा कार्यक्रम शोधून राहिलो होतो, तेथं हे लागलं. त्याचं काही खोटं नाही. मी येतो, बसतो, तेच ते सांगतो."

"सांगू नका मग."

"मले वाटे, त्याची शोभा वाढते. त्या वक्ती पोराच्या पायात वहाण नव्हती. खाप्याची वाळू तापलेली राहे. गाठोडं त्याच्यापेक्षा जड. पण मले कधी म्हणाला नाही का बाबा, थकलो. तेवढं पोरगं शिकून बडाबाबू झालं. मले हे कोणाले सांगू अन् कोणाले नाही, असं होते." ताट सरकवल्याचा आवाज आला. "त्याची शोभा कमी होते, हे मले मालूम नव्हतं वं. मालूम असतं तं कायले सांगितलं असतं? सकाळच्या गाडीनं जातो मी उमरेडले."

फोनमधून मुलगी विचारत होती, "बाबा? तिथे आजोबा आहेत का? कुठे चाललेत आजोबा?"

मनोहररावांनी फोन तिपाईवर ठेवला. जागेवर नव्हे, नुसता ठेवला. कोणी हसलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. ओवा, पाटवडी, अगरबत्ती, सॅल्यूट, सगळं ओळीने त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. ताराचंद उठला, त्याने खुर्ची पुढे केली आणि हळूच म्हणाला, "बैठो, खापेकरजी. पानी लाते."

पाणी आणलं, पण मनोहरराव तिथे नव्हते. चपलाही दाराशीच राहिल्या होत्या.

अनवाणी घरी येऊन ते तडक जिना चढले. बापूजी ताटावरून उठून वर आले होते आणि पत्र्याची पेटी उघडून धोतराच्या घड्या आत ठेवत होते.

"बापूजी," मनोहरराव म्हणाले, "चुकलं माझं."

"काय म्हणतो?"

"चुकलं म्हणतो."

"ऐकू नाही आलं."

"बापूजी, माझं चुकलं!"

बापूजींनी घडी नीट केली. "इथून नाही ऐकू येत मले. तू खालतून बोलतो ते रेडिओत बरोब्बर ऐकू येते. काल-परवा तं प्रत्येक शब्द आला."

खरंच ऐकू आलं नव्हतं की काय, ते मनोहररावांना कधीच कळलं नाही. ते खाली आले. स्वयंपाकघरात खिळ्याला ते यंत्र लोंबत होतं. बटनावरची सुतळी त्यांनीच बांधलेली होती. बाहेर गल्ली जागी होती, दारं उघडी होती, रेडिओ चालू होते. एकच विचार त्यांच्या मनात आला, की गच्चीवर जाऊन बांबू तोडावा. पण बांबू तोडला की बापूजींनाही ऐकू जाणार नव्हतं. आणि ज्यांनी पहिलं ऐकलं त्यांच्यापासून दुसरं लपवायला आता उरलं काय होतं?

त्यांनी यंत्र तोंडापाशी धरलं. पंचफुलाबाई तवा उतरवून बाजूला उभ्या राहिल्या.

"बापूजींना कळविण्यात येते की," मनोहरराव म्हणाले आणि थांबले. इतक्या वर्षांत तोंडाला दुसरी सुरुवातच माहीत नव्हती. "उपरोक्त विषयाच्या संदर्भात... बापूजी, मी मनोहर बोलून राहिलो. मी जे बोललो ते बोलायचं नव्हतं."

बाहेरून, गच्चीवरून हाक आली. "खापेकरजी, जरा जोर से! हमारे यहाँ खरखर आ रही है!"

मनोहररावांचे कान तापले. पण ते जोराने बोलले. "मी जे बोललो ते बोलायचं नव्हतं! तुमची लाज नाही वाटत, बापूजी. माझीच वाटत होती. लोक विसरले होते, तुम्ही आठवण करून देत होते, म्हणून... खाप्याच्या बाजारात मी ओरडत होतो, ते खरं आहे. पक्क्या रंगाचं, असंच म्हणत होतो. उमरेडला जाऊ नका. यमुताई, पाटवडी चांगली असते तुमची. ताराचंदजी, हिंगाचा वास येतो, पण... येऊ द्या. झालं माझं."

 या यंत्रात बोलता येत होतं, पलीकडून उत्तर यायची सोय श्रीधरने केली नव्हती. मनोहरराव भिंतीला टेकून उभे राहिले. बऱ्याच वेळाने जिना वाजला. बापूजी येऊन दारात उभे राहिले.

"ऐकलं," ते म्हणाले.

"मग?"

"मंग काय. रडून कायले बोलतो गा? रेडिओ खराब होते."

दुसऱ्या दिवशी तार, बांबू, डबा सगळं उतरलं. हिरवे फोन जागेश्वर घेऊन गेला. साहेब जेवायला आलेच नाहीत. त्यांची बदली चांद्याला झाली होती आणि ते कोणाकडेच जेवण्याच्या मनःस्थितीत नव्हते. गल्लीत मनोहररावांना कोणी काही बोललं नाही. सगळे त्यांच्याशी फार हळू आवाजात बोलत, घरात कोणी आजारी असावं तसे. त्यापेक्षा थट्टा परवडली असती.

आणि मग पंधरवड्याने भावाचं, वामनरावांचं पत्र आलं. उमरेडला नातवाचं बारसं. बापूजींना जायची हौस. पेटी तर भरलेलीच होती.

"नंतर जा," मनोहरराव काकुळतीला येऊन म्हणाले. "लोकांना वाटेल, मी पाठवून राहिलो."

"बारसं नंतर असते काय?"

इतवारीच्या स्टेशनावरून उमरेडची छोटी गाडी सकाळी सुटे. मनोहरराव पेटी उचलून निघाले, पुढे बापूजी. गल्लीतली एकेक दारं उघडू लागली. यमुताई तुळशीपाशी थबकल्या. जागेश्वरने आज सॅल्यूट केला नाही. मनोहरराव खालच्या आवाजात म्हणाले, "बापूजी, सांगा ना त्यांना, बारशाले चाललो म्हणून."

"हो, सांगतो."

ताराचंद दारात उभा होता. बापूजी थांबले, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "जातो मी, ताराचंदजी. मनोहर म्हणे, गाडीत बसवून देतो."

ताराचंदने मनोहररावांकडे पाहिलं. त्या पाहण्यात काही राग नव्हता, नुसतं दुःख होतं. पेटी एकदम जड झाली. कोपरा वळेपर्यंत ती नजर त्यांच्या पाठीवर होती.

"बापूजी, हे काय केलं?" वळल्यावर मनोहरराव जवळजवळ ओरडले.

"खोटं बोललो काय?"

स्टेशनावर बापूजींना खिडकीशी जागा मिळाली. तंबाखू मळता मळता ते मजेत बाहेर पाहत होते. मनोहरराव खिडकीखाली उभे होते, खाली मान घालून. शिटी झाली तेव्हा बापूजींनी हात बाहेर काढून त्यांच्या खांद्यावर ठेवला.

"बारसं झालं का घ्यायले येजो."

"येतो ना. स्टेशनावरून रिक्षा करू, तुमचे पाय दुखतील."

"रिक्षा नको," बापूजी म्हणाले. गाडी हलली तसा त्यांनी आवाज चढवला. "पायी जाऊ. गल्लीच्या मधातून जाऊ, हळूहळू. तू मले परत आणलं, हे सगळ्यायले दिसलं पाहिजे ना गा!"